अवघड जागेचं दुखणं

१८९० च्या दशकातली, अमेरिकेतली एक जुनी जाहिरात आहे. सायकलच्या सीटची. तिच्यात दोन चित्रं आहेत आणि दोन्हींत माणूस नाही, फक्त कमरेच्या हाडांचा सांगाडा. एका चित्रात तो साध्या सीटवर टेकलाय आणि सीटचं नाक मधोमध वर घुसलंय. दुसऱ्यात तो दोन छोट्या गाद्यांवर नीट बसलाय आणि मधे मोकळी जागा आहे. सीटचं नाव 'क्रिस्टी', विकणारे ए. जी. स्पाल्डिंग.

हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चीड आली. सव्वाशे वर्षांपूर्वी छापून झालेली गोष्ट मला वर्षभर कुणी सांगितली नव्हती. अर्थात मीही नीट विचारलं नव्हतं.

झालं असं, की मी नवी सायकल घेतली आणि महिन्याभरात सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. परतताना धायरीच्या आसपास मला पुढच्या बाजूला काही जाणवेनासंच झालं. आधी दुखत होतं, मग तेही थांबलं. घरी आल्यावर पाय झोपल्यावर येतात तशा मुंग्या, पण भलत्याच जागी. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदारकाकांनी विचारलं, "कुठे दुखतं?" मी म्हटलं, "खाली." ते म्हणाले, "माकडहाड का?" मी मान डोलावली. काऊंटरवर आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी माकडहाडासाठी योग्य अशी जाड, मऊ, जेलवाली सीट दिली आणि "सवय होईल" म्हणाले. तिच्यावर त्रास आणखी वाढला.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण ज्या बाईने केली असेल तिला माझा नमस्कार. (बाईनेच केली असणार.)

मऊ सीटने त्रास का वाढतो ते आधी सांगते, कारण बहुतेक जण इथेच फसतात. ताठ बसून मांडीखाली हात घातला तर दोन टणक हाडं लागतात. वजन पेलण्यासाठी शरीराने तीच दिली आहेत. मधल्या मऊ भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. जाड जेलमधे हाडं रुततात, जेल मधोमध वर येतं आणि वजन नेमकं नको तिथे पडतं. मराठीत यासाठी फार जुना शब्द आहे: खोगीरभरती.

आणि खोगिराचा संबंध खराच आहे. आपण 'सीट' म्हणतो, इंग्रजीत तिला 'सॅडल' म्हणतात, म्हणजे खोगीरच. बर्मिंगहॅमचे जॉन बूल्टबी ब्रूक्स हे घोड्यांच्या चामडी सामानाच्या धंद्यातले. त्यांचा घोडा मेला, त्यांनी सायकल घेतली आणि सीटने त्यांचा जीव नकोसा केला, अशी कथा कंपनी सांगते. १८८२ साली त्यांनी सीटचं पेटंट मागितलं. लोखंडी चौकटीवर पुढून-मागून ताणलेलं जाड चामडं, झोळीसारखं. कोल्हापुरी चपलेसारखंच ते आधी चावतं, मग हळूहळू आपल्या मापाचं होतं. पण तुमची हाडं चामड्यावर न पडता कडेच्या लोखंडावर पडत असतील, तर वर्षानुवर्षं बसूनही काही होत नाही. आधी रुंदी जुळली पाहिजे.

१८८५ ला स्टार्लीची 'रोव्हर' आली, दोन्ही चाकं जवळपास सारखी. १८८८ ला डनलॉपचे हवा भरलेले टायर आले. मग बायका सायकलवर बसल्या, हजारोंनी. दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मधे त्यावर पुस्तक लिहिलं. सायकलचं नाव त्यांनी 'ग्लॅडिस' ठेवलं होतं, हे मला फार आवडतं.

त्याच वर्षी ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट लाटू डिकिन्सन यांनी बायकांच्या सायकलिंगवर एक वैद्यकीय लेख लिहिला. ते त्या काळच्या मानाने समंजस होते, बायकांनी सायकल चालवावी या मताचे. पण त्यांनाही एक काळजी होतीच: सीटचं नाक वर उचललेलं असेल तर बाईला घर्षणातून सुख मिळेल. इतर अनेक डॉक्टरांना तर तेवढीच काळजी होती. मधे खड्डा किंवा फट असलेल्या 'आरोग्यदायी' सीटा तेव्हा धडाधड निघाल्या. त्यामागे आरामाचा विचार होता, तशीच ही भीतीही होती.

मला गंमत वाटते ती याची. इलाज बरोबर होता! हाडांवर वजन, मधे मोकळीक, आजही यापेक्षा फार वेगळं कुणी सांगत नाही. पण निदान भलतंच. सुन्न पडलेल्या बाईला सुख होत असेल, असा तो अंदाज. पुरुषांच्या त्रासाबद्दलही तेव्हाचे डॉक्टर लिहीत होते, पण त्यावरून पुरुषांच्या चारित्र्याची चौकशी झाली नाही.

पुढे अमेरिकेतली सायकलची लाट शतक संपता संपता ओसरली. मोटारी आल्या, सायकल पोरांची झाली. गंभीरपणे चालवणारे उरले ते मुख्यतः शर्यतवाले पुरुष. त्यांना लांब नाकाची अरुंद सीट हवी होती, कारण मांड्या घासत नाहीत आणि वळताना नाकाचा आधार मिळतो. तीच सगळ्यांची 'चांगली सीट' ठरली. क्रिस्टी विस्मरणात गेली.

मग १९९७ मधे बॉस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनी सायकलच्या सीटमुळे पुरुषांना नपुंसकत्व येऊ शकतं असं म्हटलं आणि जग खडबडून जागं झालं. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना तपासलं. २००८ च्या त्यांच्या अभ्यासात ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीटा दिल्या होत्या. सायकल चालवताना बधिरपणा न येणारे आधी २७ टक्के होते, नंतर ८२ टक्के झाले. छान काम आहे, त्यात वाद नाही. फक्त, पुरुषाची तक्रार आली तेव्हा ती कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न झाली, एवढं मी नोंदवून ठेवते.

बायकांचं मोजमाप २००६ मधे मार्शा गेस आणि सहकाऱ्यांनी केलं. ४८ सायकलपटू आणि २२ धावपटू. सायकलवाल्यांची त्या भागातली संवेदना कमी निघाली. पुढे याच मंडळींनी दाखवलं, की हँडल सीटपेक्षा खाली असेल तर दाब वाढतो. माझं हँडल खालीच होतं. मला ते ऐटदार वाटायचं.

तर शेवटी मी खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कापला, जिन्याच्या पायरीवर ठेवला, त्याच्यावर बसले आणि थोडी पुढे वाकले. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे. मधलं अंतर भाच्याच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं: साडेतेरा सेंटिमीटर. सीट याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी, म्हणजे हाडं कडेवर न येता आत टेकतात. वाकून चालवणाऱ्याला थोडी अरुंद चालते, ताठ बसणाऱ्याला रुंद लागते.

पुठ्ठा घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेले. काकांनी विचारलं, "माकडहाड थांबलं का?" या वेळी दोनच गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "काका, माकडहाड कधीच दुखत नव्हतं. पुढे दुखतं, लघवीच्या जागी. बधिर होतं." क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग काका आत गेले आणि मधे फट असलेली, सोळा सेंटिमीटरची सीट घेऊन आले. माळ्यावर होती, धूळ पुसावी लागली. त्यांनी ती बसवली, नाक किंचित खाली केलं आणि पाना हातातच ठेवून म्हणाले, "हँडलही जरा वर घेऊ का?"

दोन गिऱ्हाइकांपैकी एक कॉलेजातली मुलगी होती. तिने विचारलं, "तो पुठ्ठा कसा केलात?"