फेरतपासणीची वाट: कोकणातल्या अंतराचा इतिहास

१/ आरोग्यसेवेचा इतिहास आपण बहुधा रुग्णालयांच्या स्थापनावर्षांवरून वाचतो. कोकणात तो अंतरावरून वाचावा लागतो. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या वृद्धाला एकदा येऊन भागत नाही. पुन्हा पुन्हा यावे लागते. हा धागा त्या वाटेचा. 🧵

२/ १९४६ च्या भोर समितीने सेवा लोकांजवळ नेण्याचे सूत्र मांडले. अल्पकालीन योजनेत ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले. मात्र तेव्हाचे मोठे शत्रू हिवताप, क्षय, देवी हे होते. जन्मभराची गोळी नव्हे.

३/ स्वातंत्र्योत्तर रत्नागिरी जिल्हा बाणकोट खाडीपासून गोव्याच्या सीमेपर्यंत पसरला होता. सावंतवाडीकरांचेही जिल्ह्याचे ठिकाण रत्नागिरीच. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि दक्षिणेकडची वाट आखूड झाली. उत्तर टोकाच्या मंडणगडची मात्र तेवढीच राहिली.

४/ अंतराइतकाच बिकट प्रश्न सोबतीचा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची ही खूण. लेक मुंबईत असेल, तर आईला तपासणीला नेणार कोण?

५/ २०१० साली वृद्धांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा कार्यक्रम आला. त्याच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक केंद्रात साप्ताहिक ओपीडी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेटी होत्या. वृद्धाने यावे, याऐवजी सेवेने जावे, हा विचार इथे धोरणात उतरला.

६/ पुढची पावले झपाट्याने पडली. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली. २०१९ मध्ये ई-संजीवनीमुळे तिथूनच डॉक्टरांशी दूरस्थ सल्लामसलत शक्य झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटी मोफत झाली. त्याच वर्षी मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचा टोकन मिळण्याची सोय आली.

७/ या सोयी एकाच मापाच्या नाहीत. टोकनामुळे रांगेतला वेळ वाचतो. मोफत एसटीमुळे तिकिटाचे पैसे वाचतात. पण पहाटे उठून खाडी-घाट ओलांडण्याची दगदग आणि सोबत्याचा बुडालेला रोज तसाच राहतो. तो वाचतो केवळ गावातच रक्तदाब मोजला गेला, जुनी नोंद सापडली आणि महिन्याची गोळी हातात पडली तर.

८/ म्हणून सुधारणेची कसोटी एकच: शहरातली किती रांग कमी झाली, यापेक्षा आजीची किती खेप वाचली?