वेबपानाचे आकारमान

मोबाइल, टॅबलेट, संगणक अशा लहानमोठ्या पडद्यांवर वेबपान सुखाने वाचता यावे म्हणून ठरवलेली त्याची रुंदी व मांडणी. पानाची उंची मजकुराबरोबर वाढते, त्यामुळे आकारमानाचा विचार मुख्यतः रुंदीचा असतो. ती सीएसएस पिक्सेल या एककात मोजतात.

स्थिर रुंदी : सुरुवातीला ६४० × ४८०, नंतर ८०० × ६०० व पुढे १०२४ × ७६८ पिक्सेलचे पडदे प्रचलित होते. ब्राउझरची चौकट व स्क्रोलबार यांची जागा वगळून पानाची रुंदी ठरवीत. १०२४च्या पडद्यासाठी ९६० पिक्सेल रुंदी रूढ झाली. या संख्येला २, ३, ४, ५, ६, ८, १० व १२ यांनी निःशेष भाग जातो, त्यामुळे समान स्तंभ पाडणे सोपे जाई.

मोबाइलचा परिणाम : २००७ मध्ये आलेल्या आयफोनचा पडदा ३२० पिक्सेल रुंद होता. त्यातील सफारी ब्राउझर साधे वेबपान ९८० पिक्सेल रुंदीचे धरून मांडी आणि आक्रसून दाखवी; अक्षरे बारीक होत. व्ह्यूपोर्ट टॅगमुळे पान उपकरणाच्याच रुंदीत मांडण्याची सूचना देता येऊ लागली. २०१०च्या आयफोन ४मध्ये पडद्यावर आडवे ६४० प्रत्यक्ष पिक्सेल होते, तरी मांडणीची रुंदी ३२० सीएसएस पिक्सेलच राहिली. म्हणून पडद्याच्या रेझोल्यूशनवरून पानाची रुंदी ठरवता येत नाही.

लवचीक मांडणी : ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’मधील लेखात ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ची कल्पना मांडली. प्रमाणात मोजलेले स्तंभ, जागेनुसार आकसणारी चित्रे आणि रुंदीप्रमाणे नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी ही तिची तीन अंगे. मांडणी जिथे बदलते ती रुंदी म्हणजे ब्रेकपॉइंट. तो विशिष्ट फोनच्या मापावरून न ठरवता, मजकूर दाटू किंवा विरळ होऊ लागतो तिथे ठेवणे श्रेयस्कर. फोनची मापे सतत बदलत असतात.

मर्यादा : डब्ल्यूसीएजी २.१ (२०१८) या सुगम्यता-निकषांनुसार उभे सरकणारे पान ३२० सीएसएस पिक्सेल रुंदीतही आडवे न सरकवता वाचता आले पाहिजे. नकाशे, मोठे तक्ते यांना यातून सूट आहे. १२८० पिक्सेल रुंदीचे पान ४०० टक्के मोठे केल्यावर ३२० पिक्सेलचीच जागा उरते. रुंद पडद्यावर मजकुराच्या स्तंभाला कमाल रुंदी घालतात. याच निकषांच्या सर्वोच्च स्तरावर ओळीची मर्यादा ८० अक्षरांची आहे. मराठी पानात मात्रा, रफार व उकार ओळीच्या वरखाली जातात, म्हणून ओळींमधील अंतर वाढवावे लागते. लांब सामासिक शब्दांसाठी अरुंद स्तंभ तपासून घ्यावे लागतात.