स्वावलंबी दीर्घ सायकलशर्यत : भार, विराम आणि नियोजन

१. व्याख्या

दीर्घ पल्ल्याच्या सायकलशर्यतींचे साहाय्याच्या दृष्टीने तीन प्रकार पडतात.

(१) साहाय्यित. स्पर्धकामागे मोटार आणि पथक असते. अन्न, वस्त्र, दुरुस्ती आणि मार्गदर्शन यांची जबाबदारी पथकाकडे असते. अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या प्रकारात मोडते. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांचा संघ म्हणून ती पूर्ण केली.

(२) मर्यादित साहाय्याच्या. महाराष्ट्रातील सायकलस्वारांच्या परिचयाची ब्रेव्हे ही या प्रकाराच्या निकटची आहे. ती कालबद्ध असते, पण तीत क्रमांक लावले जात नाहीत. २०० किमीसाठी साडेतेरा तास आणि ६०० किमीसाठी ४० तास अशी तिची कालमर्यादा आहे. बाहेरचे साहाय्य केवळ नियंत्रणस्थानी घेता येते.

(३) स्वावलंबी. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच प्रकार आहे.

स्वावलंबनाची दोन अंगे आहेत. पहिले, पूर्वनियोजित खाजगी साहाय्याचा अभाव. दुसरे, उपलब्धतेची समानता, म्हणजे वाटेत जे कोणत्याही स्पर्धकाला विकत मिळू शकते तेवढेच ग्राह्य. दुकानातून घेतलेला पाव नियमात बसतो; त्याच दुकानासमोर मित्राने आणून दिलेला पाव बसत नाही. हे तत्त्व नवे नाही. १९१३ च्या ‘तूर द फ्रान्स’मध्ये यूजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढचा चिमटा तूरमाले घाटात मोडला. सायकल खांद्यावर घेऊन ते खाली सेंत-मारी-द-काँपाँ या गावी लोहाराच्या भट्टीपर्यंत चालत गेले आणि चिमटा त्यांनी स्वतःच्या हातांनी सांधला. तरीही त्यांना दंड झाला, कारण भाता एका मुलाने चालवला होता.

उदाहरणासाठी ‘टूर डिव्हाइड’ ही शर्यत घेऊ. कॅनडातील बॅन्फपासून अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील अँटिलोप वेल्स या मेक्सिकोच्या सीमेवरील नाक्यापर्यंत, रॉकी पर्वतातील जलविभाजक रेषेच्या आश्रयाने ती जाते. २००८ पासून ती या रूपात चालू आहे. अंतर सुमारे ४,४०० किमी, बहुतांश कच्चा रस्ता, एकूण चढ सुमारे ६०,००० मीटर. प्रवेशशुल्क नाही, पारितोषिक नाही. घड्याळ प्रारंभापासून अखेरपर्यंत अखंड चालते. मार्ग सोडल्यास सोडल्या बिंदूवरच परत यावे लागते.

२. काळाचे समीकरण

अखंड घड्याळाचा परिणाम असा की एकूण काळ दोन भागांत विभागला जातो : चाक फिरत असण्याचा काळ, म्हणजे गतिकाल, आणि चाक थांबलेले असण्याचा काळ, म्हणजे विराम. निद्रेपासून नाणे शोधण्यापर्यंत सर्व काही विरामातच जमा होते.

२०१६ साली माइक हॉल यांनी ही शर्यत १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत पूर्ण केली. अंतराला या काळाने भागले असता सरासरी वेग ताशी १३ किमीच्या आसपास येतो. हा वेग एक तास राखणे कोणत्याही निरोगी सायकलस्वारास शक्य आहे. तो चौदा दिवस राखणे मात्र बहुतेकांना शक्य नाही. यावरून असे सिद्ध होते की या शर्यतीत दुर्मीळ गोष्ट वेग ही नसून सातत्य ही आहे.

आता पंधरा दिवसांचे उद्दिष्ट धरू. दररोज २९३ किमी जावे लागेल. चालता वेग ताशी १८ किमी असेल तर गतिकाल १६.३ तास आणि विराम ७.७ तास. समजा, विराम रोज एक तासाने घटला. वेग तोच राहूनही दररोजचे अंतर ३११ किमी होते आणि एकूण सुमारे २१ तास वाचतात. हेच फल वेगाच्या मार्गाने मिळवायचे तर वेग सहा टक्क्यांनी वाढवावा लागेल. सपाटीवर वाऱ्याचा विरोध प्रधान असताना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अशा ठिकाणी शक्ती सुमारे एक-पंचमांशाने, आणि चढावर किंवा कच्च्या रस्त्यावर त्याहून कमी प्रमाणात, वाढवावी लागेल, आणि तीही रोज सोळा तास. पहिला मार्ग शिस्तीने साध्य आहे. दुसरा वर्षानुवर्षांच्या सरावानेही बहुतेकांना असाध्य आहे.

३. विरामाचे प्रकार

सर्व विराम सारखे नसतात. त्यांचे तीन प्रकार करावे लागतात.

(अ) पुनर्भरक विराम : निद्रा आणि भोजन. यातून पुढचा गतिकाल निर्माण होतो.

(आ) प्रासंगिक विराम : पंक्चर, पाणी भरणे, पावसाचे जाकीट घालणे-काढणे, साखळीला तेल देणे. हे टळत नाहीत, पण आखडता येतात.

(इ) निष्फळ विराम : वस्तू शोधणे, दुकानात उभे राहून काय घ्यावे याचा विचार करणे, आज कुठे झोपावे हे ठरवणे. यातून काहीही उत्पन्न होत नाही.

साधनांची निवड ही मुख्यतः (आ) आखडण्यासाठी, आणि नियोजन हे मुख्यतः (इ) नष्ट करण्यासाठी असते. (अ) ला हात लावण्याचा अधिकार या दोहोंना नाही, हे सहाव्या भागात दाखवले आहे.

४. भाराचे मूल्य

सामानाची चर्चा सहसा ग्रॅममध्ये होते. ग्रॅम आणि मिनिट यांचा विनिमयदर ठरल्याशिवाय त्या चर्चेला अर्थ येत नाही. म्हणून तो दर काढू.

एक किलो वस्तुमान ६०,००० मीटर उचलण्यास सुमारे ५.९ लाख ज्यूल कार्य लागते. स्वार चाकाला १२० वॅट शक्ती पोहोचवत असेल तर हे कार्य सुमारे ८२ मिनिटांचे आहे. कच्च्या रस्त्यावरील लोटण-घर्षणाचा गुणांक ०.०१५ धरल्यास तेच एक किलो ४,४०० किमी वाहण्यास आणखी सुमारे ९० मिनिटे लागतात. बेरीज तीन तासांच्या आत राहते. उतारावर यातील काही अंश परत मिळतो. तो येथे सोडून दिला आहे, म्हणून हा अंदाज वरच्या मर्यादेचा समजावा. पंधरा दिवसांवर विभागता एका किलोची किंमत दररोज सुमारे १२ मिनिटे येते.

हाच विनिमयदर. १०० ग्रॅमची किंमत दररोज सव्वा मिनिटाहून कमी. जी वस्तू याहून अधिक विराम वाचवते ती घ्यावी. जी वाचवत नाही ती कितीही हलकी असली तरी सोडावी. भाराचा प्रश्न अशा रीतीने विरामाच्या प्रश्नात रूपांतरित होतो.

५. साधनांचे वर्ग आणि त्यांच्या कसोट्या

प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावता येत नाही. उपयोगाच्या स्वरूपानुसार तीन वर्ग होतात.

पहिला वर्ग : नित्योपयोगी साधने. कसोटी : विनिमयदर.

झोपेचे सामान, म्हणजे स्लीपिंग बॅग, चटई आणि बिव्ही ही जलरोधक पिशवी, सव्वा किलोच्या आसपास धरले तर त्याची किंमत दररोज पंधरा मिनिटे होते. ते नसेल तर निद्रेची जागा शरीर ठरवत नाही, लॉज ठरवतो. आणि टूर डिव्हाइडच्या वाटेवरील मोंटाना किंवा वायोमिंगमध्ये पुढचा लॉज शंभर किलोमीटरांवर असू शकतो. या मार्गावर हे सामान स्वतःची किंमत फेडते.

विजेचा विचार अधिक सूक्ष्म आहे. पुढच्या चाकाच्या हबमधील डायनॅमो ताशी १५ किमीच्या आसपास सुमारे ३ वॅट देतो. चढावर ताशी सात-आठ किमीला तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. रात्री त्याची सर्व वीज दिव्याला जाते. फिरताना तो स्वाराची काही वॅट शक्ती घेतो. तरीही वीज मिळवण्यासाठी थांबावे लागत नाही, हा त्याचा गुण आहे. वस्ती विरळ असलेल्या मार्गावर तो योग्य. युरोपात डांबरी रस्त्यांवरून जाणाऱ्या ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल’सारख्या शर्यतीत जेवतानाच पॉवर बँक भरून घेता येते, त्यामुळे तेथे निष्कर्ष उलटू शकतो. कसोटी एकच, मार्ग बदलला की उत्तर बदलते. दुसऱ्याच्या सामानाची यादी उतरवून घेणे म्हणूनच अशास्त्रीय आहे.

दुसरा वर्ग : संभाव्योपयोगी साधने. कसोटी : महत्तम हानी.

दुरुस्तीचे सामान या वर्गात येते. डिरेलर हँगर ही वीसएक ग्रॅमची धातूची पट्टी. तिची किंमत दररोज पंधरा सेकंदही नाही. ती सायकलच्या नमुन्यानुसार बहुधा वेगळी असते आणि लहान गावात सहसा मिळत नाही. ती वाकून तुटली आणि जवळ दुसरी नसेल तर शर्यत बहुधा तेथेच संपते. अशा वस्तूची किंमत सरासरीने मोजू नये. ती नसल्यास होणाऱ्या सर्वांत मोठ्या हानीने मोजावी. साखळीची क्विक लिंक, ब्रेक पॅडची जोडी, बुटाच्या क्लीटचे स्क्रू आणि डिरेलरची केबल यांनाही हेच लागू आहे.

या वर्गात वस्तू असणे पुरेसे नाही. तिचे स्थानही महत्त्वाचे. ट्यूबलेस टायरच्या छिद्राच्या तीन अवस्था पाहू. काटा घुसला तर आतले सीलंट ते आपोआप बुजवते, विराम शून्य. तीन-चार मिलिमीटरचे छिद्र असेल तर सीलंट बाहेर उडत राहते आणि प्लग खोचावा लागतो. हे काम हवा पुरती जाण्याआधी झाले तर एका मिनिटाचे, नंतर झाले तर पंपासह दहा मिनिटांचे. टायरची कड फाटली तर आतून ठिगळ, सुई-दोरा आणि ट्यूब लागते. येथे अर्धा तास जातोच. म्हणून प्लग हँडलबारच्या मागील छोट्या पिशवीत, हाताच्या टप्प्यात ठेवावा. ट्यूब आणि सुई-दोरा फ्रेम बॅगच्या तळाशी चालतात. नियम असा : तातडी जितकी अधिक, तितके स्थान हाताजवळ. पावसाचे जाकीट या नियमाने सॅडल बॅगच्या तोंडाशी येते आणि स्लीपिंग बॅग तळाशी जाते.

तिसरा वर्ग : प्राणरक्षक साधने. यांना विनिमयदर लागू नाही.

पुढचा-मागचा दिवा, परावर्तक पट्टे, ओले झाल्यावरही ऊब देणारा एक थर, ग्रिझली अस्वलांच्या प्रदेशात बेअर स्प्रे. जूनमध्येही या मार्गावरील उंच खिंडींत बर्फ असू शकतो आणि त्याच शर्यतीच्या शेवटी न्यू मेक्सिकोचे वाळवंट तापलेले असते. या साधनांबाबत ‘किती मिनिटे’ हा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे.

६. एक शंका आणि तिचे समाधान

येथे शंका उपस्थित होते : विराम घटवणे हेच तत्त्व असेल तर निद्राच का घटवू नये? तीच सर्वांत मोठा विराम आहे.

समाधान असे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सलग सतरा तास जागलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या व्यक्तीइतकी घसरलेली आढळली. अनेक देशांत वाहनचालकासाठी हीच कायदेशीर मर्यादा आहे. अपुरी निद्रा प्रथम निर्णयशक्ती क्षीण करते; क्षीण निर्णयशक्ती (इ) प्रकारचे निष्फळ विराम वाढवते. एका बाजूने वाचवलेला काळ दुसऱ्या बाजूने गळतो. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर इतरांचेही प्राण गुंतलेले असतात. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील इंडियन पॅसिफिक व्हील रेसमध्ये कॅनबराजवळ पहाटेच्या अंधारात मोटारीची धडक बसून माइक हॉल मृत्युमुखी पडले. त्या घटनेची कारणमीमांसा हा येथे विषय नाही. या शर्यतींना बंद रस्ता आणि संरक्षक वाहन नसते, एवढे वास्तव त्यातून लक्षात घ्यावे. म्हणून निद्रेचे तास आधी निश्चित करावेत आणि उरलेल्या तासांचे नियोजन करावे. हा क्रम उलटा करू नये.

७. नियोजनाच्या अवस्था

पहिली अवस्था, खंडीकरण. मार्ग दिवसांत न विभागता पाणी आणि दुकान यांच्यातील अंतरांत विभागावा. दिवस हे स्वाराच्या इच्छेचे माप आहे. खंड हे भूमीचे माप आहे.

दुसरी अवस्था, खंडाचा हिशेब. वायोमिंगमधील ग्रेट डिव्हाइड बेसिन घेऊ. या खोऱ्यातील पाणी कोणत्याच महासागराला मिळत नाही. ॲटलांटिक सिटी या वस्तीपासून रॉलिन्सपर्यंत २०० किमीहून अधिक अंतरात दुकान नाही आणि पाण्याच्या जागा मोजक्या आहेत. ताशी १८ किमीने किमान बारा तास. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरता सहा ते नऊ लिटर पाणी. अन्न तासाला ३०० कॅलरी धरता ३,६०० कॅलरी, म्हणजे एक किलोच्या आत. मोठा भार पाण्याचा आहे. फिल्टर जवळ ठेवून वाटेतील जलाशयावर विसंबावे आणि तीन लिटर कमी घ्यावे, असा मोह होतो. पण त्या तीन लिटरांची किंमत केवळ या खंडापुरती, म्हणजे अर्ध्या तासाहून कमी आहे. पाणी तिसऱ्या वर्गातले असल्यामुळे ते पूर्ण घ्यावे आणि फिल्टर दुसऱ्या वर्गातला म्हणून सोबत असावा.

तिसरी अवस्था, पूर्वनिर्णय. थकलेल्या मनाने घ्यावे लागतील असे निर्णय घरी, विश्रांत मनाने घेऊन लिहून ठेवावेत. रात्री आठनंतर पुढचे दुकान बंद असेल तर आधीच्या दुकानात दुप्पट घेणे. न्यू मेक्सिकोत पाऊस पडून चिकणमाती चाकांना धरू लागली तर रेटत न राहता थांबणे, कारण ती माती डिरेलर मोडते आणि काही तासांत वाळते. हातापायांची थरथर थांबेनाशी झाली तर अंतराचा विचार न करता कोरडे होऊन झोपणे.

चौथी अवस्था, परीक्षण. संपूर्ण सामानासह, पावसात, सलग दोन रात्री. अंधारात दिवा न लावता प्रत्येक वस्तू हाताला लागते का, हे पाहावे. परीक्षेत एकदाही न वापरलेली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात न बसणारी वस्तू काढून टाकावी.

८. निष्कर्ष

२०१९ च्या ट्रान्सकॉन्टिनेंटलमध्ये फिओना कोल्बिंगर या स्त्री-पुरुष सर्व स्पर्धकांत प्रथम आल्या. बुल्गारियातील बुर्गासपासून फ्रान्समधील ब्रेस्टपर्यंतचे सुमारे ४,००० किमी अंतर त्यांनी १० दिवस २ तास ४८ मिनिटांत तोडले. या शर्यतीत स्नायूंची शक्ती हा एकमेव निर्णायक घटक नाही, हे अशा निकालावरून स्पष्ट होते.

तेव्हा जो वाचक अशा शर्यतीची तयारी करू इच्छितो त्याने खरेदीआधी वही उघडावी. प्रत्येक वस्तूपुढे तिचा वर्ग लिहावा. पहिल्या वर्गातील वस्तूपुढे ती दररोज किती मिनिटे वाचवते ते लिहावे. दुसऱ्या वर्गातील वस्तूपुढे ती नसेल तर काय घडेल ते लिहावे. तिसऱ्या वर्गातील वस्तूपुढे काहीही लिहू नये, ती घ्यावी. ज्या वस्तूपुढील जागा कोरी राहते आणि जी तिसऱ्या वर्गातही नाही, ती घरी ठेवावी.