प्राँगहॉर्न आणि शिकारीचा अखेरचा हंगाम

हरणाची शिकार म्हटली की आपल्याला कोल्हापूर दरबारचे पाळीव चित्ते आणि माळावरचे काळवीट आठवतात. आज आम्ही ज्या प्राण्याची हकिकत सांगणार आहोत तो मात्र अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ माळांवरचा. त्याचे नाव प्राँगहॉर्न. तिकडचे लोक त्याला अँटेलोप म्हणतात खरे, पण वस्तुतः तो आपल्या काळविटाचा भाऊबंद नव्हे. त्याच्या कुळात आज तो एकटाच उरला आहे. काळवीट शिंगे कधी टाकीत नाही, चितळ दरवर्षी टाकते. या गृहस्थाने मधला मार्ग काढला आहे. शिंगाचा गाभा तो ठेवतो आणि वरचे कवच तेवढे दरसाल उतरवून टाकतो!

१८०४ च्या सप्टेंबरात लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने हा प्राणी प्रथम मारला. पुढच्या ऑगस्टमध्ये लुइसने शोशोनी लोकांची शिकार पाहिली. सुमारे वीस घोडेस्वार दहाएक प्राण्यांच्या मागे लागले. घोडे फेसाळले, हाती एकही लागला नाही. ताशी ऐंशी किलोमीटरांहून अधिक वेगाने धावणारे हे जनावर. त्याचा पाठलाग करणारा चित्त्यासारखा प्राणी हजारो वर्षांपूर्वीच नष्ट झाला, वेग मात्र मागे राहिला, असे काही शास्त्रज्ञ मानतात.

मग असल्या वाऱ्यावर कोणी मात केली? आमच्या मते, हिवाळ्याने. सप्टेंबरात माजावर आलेले नर विखुरलेले असतात. तो काळ सरला, कवचे गळली, की शेकड्यांचे कळप जमतात आणि कमी बर्फाच्या सखल भागाकडे निघतात. अशा वेळी वेगाचा उपयोग तो काय? खाली बर्फ, पोटात नुसता झुडपांचा पाला, आणि माद्या गाभण. पिले व्हायची ती मे-जूनमध्ये, बहुधा जुळी.

जुन्या रहिवाशांनाही हे कळप अडवता येत. ग्रेट बेसिनमधील लोक झुडपांचे लांबलचक कूस उभारून कळप हाकीत. हा प्राणी सहसा उडी मारीत नाही, म्हणून तकलादू कुंपणही पुरे. पण एवढ्या मोठ्या हाक्याला सारी वस्ती लागे, आणि कळप पुन्हा वाढेपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागे. वायोमिंगमधील ट्रॅपर्स पॉइंट येथे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी मारलेल्या कळपांची हाडे सापडली. त्यांत गर्भांचीही होती.

आगगाडी आणि नव्या बंदुका आल्यावर थांबण्याचे कारण उरले नाही. मांस शहरात विकले जाऊ लागले. १८७४ मध्ये ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले, आणि माळ तारांनी कापला गेला. बर्फात वाट अडली की कळप तारेपाशीच तटून राही. १९२२ ते १९२४ च्या गणनेत साऱ्या खंडात जेमतेम तीस हजार उरले होते. एके काळी ते कोट्यवधी असावेत.

पुढे राज्यांनी शिकार बंद केली, १९३१ मध्ये नेवाडात शेल्डन आणि १९३६ मध्ये ओरेगॉनमध्ये हार्ट माउंटन ही अभयस्थाने झाली. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे वळवला. म्हणजे शिकाऱ्यानेच शिकार वाचवण्याचा खर्च सोसायचा! आम्हाला ही तडजोड शहाणपणाची वाटते. संख्या पुन्हा लाखांवर गेली.

शिकार आज चालते ती मोजक्या परवान्यांवर, मुख्यतः शरदात. काही भागांत अखेरचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत लांबवतात. तो बहुधा माद्या आणि पिले कमी करण्यासाठी, शेते राखण्यासाठी. हिशेब सोपा आहे: तेव्हाच्या एका गोळीत तिघे जाऊ शकतात. म्हणून परवान्याचा आकडा हाच खरा प्रश्न. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमधील एका मोठ्या कळपातील निम्म्याहून अधिक प्राणी बर्फाने आणि रोगाने मेले. त्या वर्षी राज्याने हजारो परवाने कमी केले.