माणूस खाणाऱ्यांचे सिनेमे : एका जुन्या आरोपाचा इतिहास

इतिहासाच्या तासाला कोलंबसाची सफर शिकवीत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, उधर के जंगलां में आदमखोर लोगां रहते थे ना? मैं पिक्चर में देखा." वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. कारण त्या जातीचा पिक्चर आम्हीही पाहिला होता. मोबाइलवर नव्हे, तर शाळकरी वयात, मोहल्ल्यातल्या दुकानातून भाड्याने सीडी आणून, घरात मोठी माणसे नसताना.

आठवण अशी की, भीती वाटण्याऐवजी निराशा झाली होती. पात्रांचे ओठ आधी हलत आणि आवाज मागाहून येई. अंगाला चिखल फासलेली माणसे लाल रंगात भिजवलेले काहीतरी चावत बसलेली. पैसे फुकट गेले म्हणून आम्ही सीडी परत केली आणि विसरून गेलो. पण त्या मुलाच्या प्रश्नाने एक गोष्ट ध्यानात आली. पिक्चर विसरलो होतो, जंगलात माणूस खाणारे लोक असतात ही समजूत मात्र आमच्याही डोक्यात तशीच बसून होती. ती तिथे कुणी आणून ठेवली, हे शोधणे भाग होते.

हे सिनेमे बहुतेक इटलीतले. १९६२ साली 'मोंडो काने' नावाचा चित्रपट तिथे निघाला. जगभरच्या चमत्कारिक चालीरीती गोळा करून, काही खऱ्या, काही रचलेल्या, तो माहितीपट म्हणून दाखवला गेला आणि तुफान चालला. पुढे १९७० साली अमेरिकेत 'अ मॅन कॉल्ड हॉर्स' आला, एका गोऱ्या माणसाला अमेरिकन इंडियन लोक पकडतात आणि तो त्यांच्यातलाच होतो अशा कथेचा. त्या काळच्या इटालियन निर्मात्यांचा रिवाजच असा की, अमेरिकेत जे चालले ते कमी पैशांत पुन्हा करायचे. उंबेर्तो लेंझी यांनी १९७२ साली तीच कथा थायलंडच्या जंगलात नेली आणि त्यात माणूस खाण्याचा प्रसंग घातला. तो प्रसंग गाजला. १९७७ साली रुज्जेरो देओदातो यांनी 'लास्ट कॅनिबल वर्ल्ड' काढला आणि मग रांगच लागली.

या रांगेतला भूगोल पाहण्यासारखा आहे. देओदातो यांची कथा फिलिपाइन्समधल्या मिंडानाओ बेटावरची, चित्रीकरण मलेशियात. सेर्जो मार्तिनो यांच्या १९७८ सालच्या चित्रपटाची कथा न्यू गिनीची, पण जंगल श्रीलंकेचे. म्हणजे आपल्या शेजारची साधी माणसे न्यू गिनीचे नरभक्षक म्हणून उभी केली. लेंझी यांचा १९८० सालचा 'ईटन अलाइव्ह' तर आधीच्या चित्रपटांतले तुकडे जोडून पुरा केलेला. एकाच नटीचा जुना मृत्यू पुन्हा कामाला आला. स्पेनच्या जेस फ्रांको यांनी खर्च आणखी कमी केला. त्यांनी युरोपातच गोऱ्या एक्स्ट्रांच्या तोंडाला रंग फासला आणि त्यांना नरभक्षक म्हटले. थाई, मलय, सिंहली, स्पॅनिश, कुणीही चालत होते. कारण पडद्यावर कुठलाही समाज दाखवायचाच नव्हता. दाखवायचा होता तो एक आरोप. त्याला चेहरा कुणाचाही पुरे.

यातला सर्वांत गाजलेला आणि खरे तर सर्वांत हुशारीने केलेला चित्रपट म्हणजे देओदातो यांचाच 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०). चित्रीकरण कोलंबियातल्या लेतिसिया गावाच्या आसपास झाले. कथेत चार अमेरिकन तरुण नरभक्षकांवर माहितीपट काढायला जातात आणि परतत नाहीत. मागाहून सापडलेल्या त्यांच्या रिळांतून कळते की, सनसनाटी दृश्ये मिळावीत म्हणून त्यांनीच गाव जाळले, अत्याचार केले. शेवटी एक प्राध्यापक खरे नरभक्षक कोण, असा विचार करत रस्त्यावर येतो.

मिलानमध्ये प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच न्यायाधीशांनी चित्रपट जप्त केला. पडद्यावरचे खून खरे असावेत असा संशय आला होता. नटांनी वर्षभर कुठे दिसायचे नाही असा करार केलेला होता, त्यामुळे संशय बळावला. शेवटी देओदातो यांना नट जिवंत असल्याचे दाखवून द्यावे लागले. सुळावर चढवलेल्या बाईच्या दृश्यामागची युक्तीही सांगावी लागली: लोखंडी खांबाला सायकलची सीट बसवलेली आणि तोंडात हलक्या लाकडाचा तुकडा धरलेला. माणसे खोटी मेली होती. जनावरे मात्र खरीच मारली होती. नदीतले मोठे कासव, माकडे, डुक्कर, सारी कॅमेऱ्यासमोर. जनावर कापायचे ते खाण्यासाठी, अल्लाहचे नाव घेऊन आणि त्याला कमीत कमी यातना देऊन, अशी शिकवण आम्हाला घरात मिळाली. तमाशासाठी घेतलेला तो जीव आम्हाला त्या साऱ्या लाल रंगापेक्षा जास्त जड गेला.

पण आणखी एक गोष्ट कोर्टात कुणी विचारली नाही. चित्रपटातल्या टोळीला नाव दिले होते यानोमामी. हा खराखुरा समाज आहे, व्हेनेझुएला आणि ब्राझीलच्या सरहद्दीवर राहणारा, लेतिसियापासून फार दूर. त्यांच्यात मृताचे दहन करून अस्थींची राख केळ्यांच्या पेजेत मिसळून आप्तांनी पिण्याची रीत आहे. गेलेला माणूस मातीत एकटा पडू नये, आपल्यातच राहावा, असा तो शोक. आपल्याला ती रीत विचित्र वाटेल, पण तिच्यात शिकार नाही. चित्रपटाने शोक काढून टाकला आणि शिकार ठेवली. खरे नरभक्षक कोण, असे शेवटी विचारणाऱ्या चित्रपटाने नव्वद मिनिटे उत्तर आधीच देऊन ठेवले होते.

ब्रिटनमध्ये या चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेटांवरून मोठा गहजब झाला आणि १९८४ साली त्यासाठी कायदा झाला. चर्चा होती ती मुलांच्या मनावर रक्तपाताचा परिणाम होईल का, याची. एका समाजावर घातलेल्या आळाचा परिणाम काय होईल, हा प्रश्न त्या गहजबात मागेच राहिला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे, म्हणजे कोलंबसाकडे येऊ. नोव्हेंबर १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून त्याने ऐकले की, पलीकडे 'कनिबा' नावाचे लोक आहेत आणि ते माणसे खातात. त्याला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना त्याची. आपण आशियात पोहोचलो या समजुतीत असलेल्या कोलंबसाने त्या शब्दाचा अर्थ लावला: कनिबा म्हणजे 'महान खाना'ची माणसे! आमच्या वर्गात चार-पाच तरी खान आहेत, ते हे ऐकून खूश झाले. पण पुढची गोष्ट हसण्याची नाही. याच शब्दातून 'कॅनिबल' हा शब्द आला आणि १५०३ साली स्पेनच्या राणी इसाबेलाने हुकूम काढला की, जे नरभक्षक असतील त्यांना पकडून गुलाम म्हणून विकायला हरकत नाही. हुकूम निघाल्यावर नरभक्षकांची संख्या वाढणार हे उघडच होते. ज्या बेटावर गुलाम हवे, तिथले लोक माणूस खाणारे ठरत.

दोष फक्त युरोपला देऊन आम्हाला मोकळे होता येत नाही. इ.स. ८५१ च्या सुमारास लिहिलेल्या, सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावे चालत आलेल्या अरबी वृत्तांतात अंदमानचे लोक माणसांना कच्चे खातात असे लिहिले आहे. जहाजे त्या किनाऱ्याला भिऊन असत आणि भीतीतून निघालेली कथा पुस्तकात जाऊन बसली. तीच पुढे मार्को पोलोने सांगितली. इंग्रजांनी १८५८ साली पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली, अंदमानींशी जवळून संबंध आला, तेव्हा हे लोक नरभक्षक नाहीत असे इंग्रज अधिकाऱ्यांनीच नोंदवले. तरी १८९० साली कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सच्या कादंबरीत अंदमानी माणूस नरभक्षक म्हणूनच रंगवला. ग्रेट अंदमानी समाज रोगराईने आणि वसाहतीच्या रेट्याने खचत गेला. आज त्यांची संख्या शंभराच्याही आत आहे. आरोप मात्र शाबूत राहिला.

मग माणसाने माणूस कधी खाल्लाच नाही का? खाल्ला आहे. डिसेंबर १०९८ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे सलीबी जंगच्या सैन्याने सीरियातले मअर्रतुन्नुअमान शहर घेतले आणि उपासमारीत मेलेल्यांचे मांस खाल्ले. हे शत्रूने लिहिलेले नाही. त्यांच्याच बाजूच्या फुल्शर ऑफ शार्त्रसारख्या इतिहासकारांनी लिहिले आहे. याच शहरात कवी अबुल अला अल्-मअर्री जन्मला आणि १०५७ साली मेला. हा कवी मांस तर सोडाच, दूध आणि मधही नको म्हणणारा. इक्बालांची त्याच्यावरची कविता उर्दूवाल्यांना ठाऊक आहे. त्याच्या मृत्यूनंतर एक्केचाळीस वर्षांनी त्याच्याच गावात हे घडले. पुढे १२०० ते १२०२ च्या दुष्काळात मिसरमध्ये, खुद्द काहिऱ्यात, मुसलमानांनीही माणसे खाल्ली. तेही अब्दुल लतीफ अल्-बगदादी या मुसलमान हकिमाने जसेच्या तसे लिहून ठेवले. त्याने आपल्या माणसांवर पांघरूण घातले नाही. भूक आणि युद्ध माणसाला कुठवर नेते, हे त्या नोंदींतून कळते. त्यात जंगल नाही, टोळी नाही, शहरे आहेत. या दिग्दर्शकांचा कॅमेरा तिकडे वळला नाही.

१९७९ साली विल्यम एरन्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने पुस्तक लिहिले. रिवाज म्हणून माणूस खाणाऱ्या समाजांबद्दल डोळ्यांनी पाहिलेला भरवशाचा पुरावा जवळजवळ नाहीच, असे त्याचे म्हणणे. त्यावर वाद झाले, आणि ते योग्यच. न्यू गिनीतल्या फोरे लोकांत मृत आप्तांचे मांस खाण्याची रीत होती आणि त्यातून कुरू नावाचा रोग पसरला, हे सिद्ध झालेले आहे. पण तीही अंत्यविधीचीच रीत. दोन वर्षांनी, १९८१ साली, लेंझी यांनी 'कॅनिबल फेरॉक्स' काढला. त्याची नायिका कोण, तर नरभक्षण ही केवळ दंतकथा आहे असा प्रबंध सिद्ध करायला ॲमेझॉनमध्ये गेलेली विद्यार्थिनी! चित्रपटभर तिच्या प्रबंधाला रक्ताने उत्तर दिले जाते. पुस्तक वाचणारे थोडे होते, चित्रपट पाहणारे पुष्कळ.

आम्ही महाराष्ट्रातले शिक्षक, यात का पडावे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षेकरी, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकले. ते मुले पळवणारे आहेत, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्यांच्याजवळ मूल नव्हते. अनोळखी चेहरा आणि आधीच तयार असलेली गोष्ट, एवढेच पुरले. दुसऱ्याच्या हंडीत काय शिजते यावरून त्याची माणुसकी ठरवण्याचा अनुभव तर आमच्या समाजाला नवा नाही. म्हणून हे स्वस्त, कंटाळवाणे सिनेमे आम्हाला केवळ वाईट सिनेमे वाटत नाहीत. वाईट कथा लोक विसरतात, त्यांतला आरोप मागे उरतो.

पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर तीन सने लिहिली: १०९८, १४९२, १५०३. एकेका सनाची गोष्ट सांगितली. तो मुलगा शेवटपर्यंत ऐकत होता. घंटा झाल्यावर जवळ येऊन म्हणाला, "सर, वो जंगल वालों को पूछे क्या कोई, के तुम खाते क्या नहीं?" आम्ही म्हणालो, "नहीं बेटा, कोलंबस को तो उनकी ज़बानच नहीं आती थी." तो म्हणाला, "और पिक्चर वाले को?"