मुका तोतया

‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ या गोष्टीवर मूकपटांच्या काळात पुन्हा पुन्हा चित्रपट निघाले: 1913 मध्ये अमेरिकेत, 1915 मध्ये इंग्लंडात आणि 1922 मध्ये रेक्स इंग्रमच्या दिग्दर्शनाखाली परत अमेरिकेत. रुरिटानिया या काल्पनिक राज्यात राज्याभिषेकाच्या तोंडावर राजाला गुंगीचे औषध दिले जाते आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक इंग्रज प्रवासी त्याच्या जागी मुकुट चढवून घेतो. पुढे राजा किल्ल्यात कैद आणि तोतया राजकन्येच्या प्रेमात! या लोकप्रियतेचे एक सोपे कारण सुचते: पहिल्या महायुद्धात युरोपातली सिंहासने कोसळली, म्हणून लोकांना गेलेल्या राजवैभवाची ओढ लागली. 1922 पुरते हे पटतेही. पण तारखा आड येतात. अँथनी होपची कादंबरी 1894 ची, तिचे नाटक पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले, आणि 1913 चा चित्रपट निघाला तेव्हा झार, कैसर आणि ऑस्ट्रियाचा सम्राट तिघेही गादीवर होते.

माझ्या मते या गोष्टीला पडद्यावर बळ मिळाले ते कॅमेऱ्यामुळे, आणि त्याहून अधिक मौनामुळे. कादंबरीत राजघराण्याची खूण म्हणजे तांबडे केस आणि लांब, सरळ नाक. कृष्णधवल फिल्मवर तांबडा रंग उमटणार कुठून? सारी भिस्त चेहऱ्यावर आली. नाटकातही एकच नट दोन्ही भूमिका करी, पण राजा आणि तोतया समोरासमोर आले की एकाला प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहावे लागे, आणि ती पाठ दुसऱ्याच कुणाची असे. कॅमेऱ्याने ही अडचण सोडवली. भिंगाचा अर्धा भाग झाकून एकदा चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची, मग दुसरा अर्धा झाकून पुन्हा करायचे. कॅमेरा तसूभर हलता कामा नये, उजेड बदलता कामा नये, आणि नटाने मधली अदृश्य रेघ ओलांडता कामा नये. 1922 च्या चित्रपटात लुईस स्टोनने दोन्ही भूमिका केल्या. आपल्याकडे फाळक्यांच्या ‘लंका दहन’मध्ये (1917) अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते, पण तिथे कसब होते एका चेहऱ्याचे दोन भासवण्याचे, म्हणजे नेमके उलटे.

कुणी म्हणेल, 1937 चा बोलपटही गाजलाच, मग मौनाचे एवढे कौतुक कशाला? गाजला खरा, पण लंडनचा गृहस्थ आणि मध्य युरोपातला राजा एकाच घडणीचे इंग्रजी बोलतात, हे तिथे प्रेक्षकाला मुकाट्याने मान्य करावे लागते. मूकपटात हा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: चेहऱ्याचाच खेळ असेल तर राजा कशाला, दोन कारकूनही चालले असते. चालले नसते. कारकुनाला ओळखणारे त्याला रोज भेटतात, त्याचे बोलणे, खोकणे, उधारी सगळे त्यांना ठाऊक असते. तिथे फार तर प्रहसन होईल. राजाला मात्र बहुसंख्य प्रजा ओळखते ती नाण्यावरून, टपालाच्या तिकिटावरून, छापील छायाचित्रावरून. त्याचा आवाज तिने ऐकलेलाच नसतो. पानिपतानंतर पुढे आलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाच्या वेळी असे एकही छायाचित्र नव्हते, म्हणून भाऊंना पाहिलेल्या माणसांच्या साक्षींवर भर द्यावा लागला आणि 1776 मध्ये त्याला मृत्युदंड झाला. रुरिटानियाच्या प्रजेला नुसता चेहरा पुरतो, आणि थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाजवळही राजा ओळखायला दुसरे काही नसते.