पोर्ट कम्युनिटी सिस्टिम

पोर्ट कम्युनिटी सिस्टिम, अर्थात बंदर समुदाय प्रणाली, ही बंदराच्या कामकाजात भाग घेणाऱ्या अनेक संस्थांच्या संगणकीय सेवा एका वेब दर्शनी भागाशी जोडणारी प्रणाली होय. जहाज कंपन्या व त्यांचे एजंट, टर्मिनल चालक, सीमाशुल्क विभाग, कस्टम एजंट, कंटेनर फ्रेट स्टेशन, बँका आणि वाहतूकदार या सर्वांच्या संगणकप्रणाली स्वतंत्र असतात. त्या मोडून एकच नवी प्रणाली उभारणे हा येथे हेतू नसतो. प्रत्येकाची प्रणाली जागच्या जागी ठेवून तिच्यातील ठरावीक माहिती ठरावीक स्वरूपात देता-घेता यावी, आणि वापरकर्त्याला ती एका पडद्यावर दिसावी, अशी तिची रचना असते. भारतात ही प्रणाली इंडियन पोर्ट्स असोसिएशनने सुरू केली. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील जवाहरलाल नेहरू बंदर हे तिच्या वापराचे एक महत्त्वाचे केंद्र आहे.

पार्श्वभूमी

जवाहरलाल नेहरू बंदर उरण तालुक्यात, मुंबई बंदराच्या समोरील किनाऱ्यावर आहे. न्हावा आणि शेवा या गावांवरून ते न्हावा-शेवा या नावानेही ओळखले जाते. बंदराचे कामकाज १९८९ साली सुरू झाले. पुढे १९९९ पासून येथे खासगी टर्मिनल आली व त्यांची संख्या वाढत गेली. त्यामुळे एकाच बंदरात वेगवेगळ्या कंपन्यांची टर्मिनल आणि प्रत्येकाची निराळी टर्मिनल व्यवस्थापन प्रणाली अशी स्थिती निर्माण झाली. सीमाशुल्क विभागाची प्रणाली याहून वेगळी होती.

परिणामी एकाच कंटेनरची माहिती अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा भरावी लागे. एखाद्या ठिकाणी क्रमांकातील एक अंक चुकला, तरी दोन नोंदी जुळत नसत आणि कंटेनर अडकून पडे. मोफत मुदत संपल्यावर बंदरातील जागेचे भाडे आणि कंटेनर अडकवून ठेवल्याबद्दल जहाज कंपनीचे शुल्क सुरू होत असल्याने अशा विलंबाचा भार अखेर आयातदार-निर्यातदारांवर पडतो, तर ट्रकचालकाला फाटकाबाहेर खोळंबावे लागते.

भारतातील विकास

सीमाशुल्क विभागाने १९९० च्या दशकात आपल्या कामाचे संगणकीकरण सुरू केले. कार्यालयातील मूल्यांकन व मंजुरीची प्रणाली ‘आयसेस’ या नावाने, तर बाहेरील व्यापाऱ्यांना तिच्याशी जोडणारे प्रवेशद्वार ‘आइसगेट’ या नावाने ओळखले जाते. २००७ साली इंडियन पोर्ट्स असोसिएशनने प्रमुख बंदरांसाठी मध्यवर्ती, वेब-आधारित पोर्ट कम्युनिटी सिस्टिम कार्यान्वित केली. डिसेंबर २०१८ मध्ये तिची जागा ‘पीसीएस १एक्स’ या क्लाउड-आधारित आवृत्तीने घेतली. एकाच लॉगिनने अनेक सेवा, मोबाइल ॲप, सूचना पाठवणारी यंत्रणा आणि इतर प्रणालींना एपीआयद्वारे थेट जोडणी ही तिची वैशिष्ट्ये होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर ‘युलिप’ हा एकीकृत मंच जाहीर झाला. विविध मंत्रालयांच्या प्रणालींमधील माहिती एपीआयद्वारे उपलब्ध करून देणे हा त्याचा उद्देश आहे. जानेवारी २०२३ मध्ये सागरी व्यापारासाठी ‘नॅशनल लॉजिस्टिक्स पोर्टल – मरीन’ सुरू झाले.

रचना

अशा प्रणालीचे सामान्यतः तीन स्तर असतात.

१. दर्शनी भाग, म्हणजे फ्रंट-एंड : ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर दिसणारे अर्ज, याद्या व स्थितीदर्शक फलक.
२. मध्यस्थ स्तर : वापरकर्त्याची ओळख पटवणारा, मागणी योग्य सेवेकडे पाठवणारा आणि संदेशांची भाषा बदलून देणारा भाग. याला एपीआय गेटवे किंवा संदेश-दलाल असे म्हणतात.
३. पार्श्वसेवा, म्हणजे बॅक-एंड : टर्मिनल, सीमाशुल्क, जहाज कंपनी व बँक यांच्या मूळ व्यवसायप्रणाली.

दर्शनी भाग बांधण्यासाठी तयार घटकांचे संच वापरले जातात. त्यांना टूलकिट म्हणतात. गूगल वेब टूलकिट २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रोग्राम जावा भाषेत लिहिला जातो व त्याचे रूपांतर जावास्क्रिप्टमध्ये होते. रिअ‍ॅक्ट व ओपनयूआय५ हे संच २०१३ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुले झाले. यांपैकी ओपनयूआय५ हा सॅप या कंपनीच्या व्यवसायप्रणालींसाठी तयार झालेल्या संचाचा मुक्त भाग असून ओडेटा पद्धतीच्या सेवांशी जोडणी ही त्यातील अंगभूत सोय आहे. टूलकिट कोणतेही असले, तरी त्याने बंदराचे नियम स्वतःत साठवू नयेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. कंटेनर सोडायचा की नाही हे पार्श्वसेवा ठरवते आणि पडदा तो निर्णय दाखवतो. हे तत्त्व पाळले, तर दर्शनी भाग बदलला तरी व्यवहार अबाधित राहतात.

संदेश आणि जोडणीच्या पद्धती

बंदर व्यवसायात संगणकांमधील पत्रव्यवहार वेबच्या आधीपासून चालत आला आहे. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेले यूएन/एडिफॅक्ट हे मानक वापरले जाते. त्यातील काही संदेश असे :

• बॅपली : जहाजावर कोणता कंटेनर कोठे रचला आहे याचा आराखडा.
• कोप्रार : कंटेनर उतरवण्याची किंवा चढवण्याची सूचना.
• कोआरी : कंटेनर प्रत्यक्ष उतरवल्याचा किंवा चढवल्याचा अहवाल.
• कोडेको : कंटेनर फाटकातून आत आल्याचा किंवा बाहेर गेल्याचा अहवाल.

हे संदेश फाइलच्या रूपात गठ्ठ्याने जातात आणि त्यांचे उत्तर तत्काळ मिळेलच असे नसते. याउलट वेबवरील रेस्ट पद्धतीच्या सेवेत ब्राउझर एचटीटीपीएसवरून मागणी करतो आणि जेसन स्वरूपातील उत्तराची लगेच अपेक्षा ठेवतो. मध्यस्थ स्तराचे मुख्य काम या दोन सवयींचा मेळ घालणे हे असते. वापरकर्त्याने अर्ज पाठवताच त्याला पोच क्रमांक दिला जातो, संदेश रांगेत ठेवला जातो आणि पार्श्वप्रणालीचे उत्तर आल्यावर पडद्यावरील स्थिती बदलते. म्हणूनच ‘अर्ज पाठवला’, ‘अर्ज स्वीकारला’ आणि ‘अर्ज मंजूर झाला’ या तीन वेगळ्या स्थिती असतात. त्या एकत्र करून दाखवल्यास वापरकर्त्याची दिशाभूल होते.

जोडणी मध्येच तुटली, तर तोच अर्ज पुन्हा पाठवला जाण्याची शक्यता असते. दुहेरी नोंद किंवा दुहेरी शुल्क टाळण्यासाठी प्रत्येक मागणीला एकमेव क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक पुन्हा आल्यास पार्श्वसेवा नवी नोंद न करता आधीचेच उत्तर परत देते.

आयात कंटेनरचा प्रवास

एका आयात कंटेनरच्या बाबतीत प्रणालींची साखळी साधारणतः पुढीलप्रमाणे चालते.

१. जहाज कंपनी किंवा तिचा एजंट मालसूची सीमाशुल्क विभागाला सादर करतो. जहाजावरील रचनेचा आराखडा टर्मिनलला मिळतो.
२. आयातदाराच्या वतीने कस्टम एजंट आइसगेटद्वारे बिल ऑफ एन्ट्री दाखल करतो. शुल्क भरल्यानंतर व आवश्यक तेथे तपासणी झाल्यानंतर ‘आउट ऑफ चार्ज’ हा आदेश निघतो.
३. जहाज कंपनी आपली येणी वसूल झाल्यावर डिलिव्हरी ऑर्डर देते.
४. टर्मिनलच्या प्रणालीत या नोंदी जुळल्या की कंटेनर ट्रकवर चढतो आणि फाटकावर बाहेर गेल्याची नोंद होते.

यातील प्रत्येक टप्पा निराळ्या संस्थेच्या ताब्यात असतो. न्हावा-शेवा येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’ योजनेत पात्र आयातदाराचा कंटेनर फ्रेट स्टेशनात न जाता थेट बंदरातून बाहेर पडतो. यात मधला थांबा वगळला जात असल्याने सीमाशुल्क आदेश, डिलिव्हरी ऑर्डर आणि टर्मिनलची नोंद वेळेत जुळणे अधिकच महत्त्वाचे ठरते. त्याच वर्षी याच बंदरातून ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात कंटेनरवर रेडिओ लहरींनी वाचता येणारा टॅग लावला जातो आणि क्रमांक टाकून कंटेनरचा ठावठिकाणा वेबवर पाहता येतो.

निर्यातीत कंटेनर बंदरात आणण्यासाठी ‘फॉर्म १३’ हा दस्तऐवज लागतो. जहाजाचे नाव, बुकिंग, कंटेनर व सील क्रमांक आणि वजन असे तपशील त्यात असतात. सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ करारातील दुरुस्तीनुसार १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही.

माहितीची तपासणी

चुकीची माहिती पार्श्वसेवेपर्यंत पोचण्यापूर्वी पडद्यावरच अडवणे हे दर्शनी भागाचे उपयुक्त काम आहे. कंटेनर क्रमांक हे त्याचे ठळक उदाहरण होय. आयएसओ ६३४६ या मानकानुसार त्यात चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी एक पडताळणी अंक असतो. प्रत्येक अक्षराला १० ते ३८ मधील ठरावीक मूल्य असते. त्यातून ११, २२ व ३३ हे अंक वगळलेले असतात. पहिल्या स्थानाचे मूल्य १ ने, दुसऱ्याचे २ ने, तिसऱ्याचे ४ ने, याप्रमाणे दर स्थानाला दुप्पट होणाऱ्या संख्येने गुणून बेरीज केली जाते. तिला ११ ने भागून उरणारी बाकी हा पडताळणी अंक असतो. बाकी १० आल्यास ० धरतात.

‘सीएसक्यूयू ३०५४३८’ या क्रमांकात अक्षरांची मूल्ये अनुक्रमे १३, ३०, २८ व ३२ आहेत. गुणाकारांची बेरीज १३ + ६० + ११२ + २५६ + ४८ + ० + ३२० + ५१२ + ७६८ + ४०९६ = ६१८५ येते. तिला ११ ने भागल्यास बाकी ३ उरते. म्हणून पूर्ण क्रमांक ‘सीएसक्यूयू ३०५४३८३’ असा होतो. हे गणित ब्राउझरमध्ये क्षणार्धात होते. मात्र क्रमांक नियमात बसतो याचा अर्थ तो कंटेनर बंदरात आहे असा होत नाही. ते केवळ टर्मिनलची प्रणालीच सांगू शकते. शिवाय ब्राउझरमधील तपासणी टाळता येत असल्याने पार्श्वसेवेला तीच तपासणी पुन्हा करावी लागते.

सुरक्षा

ब्राउझर एका संकेतस्थळावरील प्रोग्रामला दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती मुक्तपणे वाचू देत नाही. त्यामुळे दर्शनी भागाने प्रत्येक संस्थेच्या प्रणालीशी थेट बोलण्याऐवजी एका गेटवेमार्फत बोलणे सोयीचे ठरते. पार्श्वप्रणालींच्या गुप्त किल्ल्या गेटवेवरच राहतात आणि ब्राउझरकडे केवळ अल्पमुदतीचे ओळख-टोकन असते. कोणी काय पाहावे याच्या मर्यादाही येथेच पाळल्या जातात. एका आयातदाराला दुसऱ्याच्या मालाचे मूल्य किंवा पुरवठादाराचे नाव दिसणे हे व्यापारी गोपनीयतेचे उल्लंघन असते.

२०१७ चा सायबर हल्ला

२७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या जगभरातील संगणकप्रणाली बंद पाडल्या. न्हावा-शेवा येथील याच समूहाशी संलग्न गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले व कामे हाताने करण्याची वेळ आली. समूहाने आपले एकूण नुकसान २० ते ३० कोटी अमेरिकी डॉलरच्या दरम्यान असल्याचे जाहीर केले. हल्ल्याचा उगम भारताबाहेर होता आणि बंदरातील इतर टर्मिनल सुरू होती. तरीही धक्के व क्रेन शाबूत असताना केवळ नोंदींच्या अभावी कंटेनर हलवणे कठीण होते, हे या घटनेने दाखवून दिले.

मर्यादा

एकच पडदा असला, तरी त्यामागील सेवा अनेक असतात आणि त्यांतील सर्वांत मंद सेवेइतकाच पडदा वेगवान असतो. एखादी सेवा बंद असताना जुनी माहिती ताज्यासारखी दाखवली गेल्यास ट्रक वेळेआधी रवाना होऊन फाटकावर अडकतो. त्यामुळे माहिती कोणत्या संस्थेकडून व किती वाजता आली हे नोंदीसोबत दाखवणे आवश्यक मानले जाते. मालाचे वर्णन, बंदरांचे संकेतांक आणि वजनाची एकके यांत एकवाक्यता नसेल, तर तांत्रिक जोडणी यशस्वी होऊनही नोंदी जुळत नाहीत. आणीबाणीत चालवायची कागदी पद्धत टिकवून ठेवणे हाही अशा प्रणालीच्या नियोजनाचा भाग असतो.

इतर देश

जर्मनीत हॅम्बुर्ग बंदरासाठी ‘डाकोझी’ ही संस्था १९८२ पासून अशी सेवा देते. सिंगापूरमध्ये व्यापार परवान्यांसाठी ‘ट्रेडनेट’ १९८९ मध्ये सुरू झाले. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम व ॲम्स्टरडॅम या बंदरांच्या स्वतंत्र प्रणाली एकत्र येऊन २००९ मध्ये ‘पोर्टबेस’ स्थापन झाले.